जुना डिझेल पिकअप ठेवायचा की काढायचा? सीमाभागातील गाडीमालकांसाठी कागद आणि खर्चाचा हिशेब

कंग्राळी : कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुकच्या मळ्यांतून भाजी भरून बेळगावच्या एपीएमसीकडे सुटणाऱ्या गाड्यांत जुने डिझेल पिकअप आजही डोळ्यांत भरतात. टाटा २०७, ४०७, महिंद्राचा मॅक्स आणि बोलेरो पिकअप, शिवाय २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’. यातल्या बऱ्याच गाड्यांचं कर्ज कधीच फिटलंय. मेस्त्रीला गाडीची नस अन् नस माहीत असते. पण पासिंगची तारीख जवळ आली की घरात एकच विषय निघतो, ही गाडी अजून ठेवायची का? दुसरीकडे कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडून स्वस्तात मिळते म्हणून जुनी गाडी घेणारेही कमी नाहीत. दोघांचा हिशेब वेगळा आहे.

पंधरा वर्षं झाली म्हणजे बंदी नव्हे

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हे वाक्य कट्ट्यावर सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील निर्बंधाचा आदेश दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे, बेळगाव किंवा कोल्हापूर जिल्ह्याला तो लागू नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील ज्या गाड्या मोडीत काढायचं ठरलं, त्या सरकारी खात्यांच्या. खासगी मालकाच्या मालवाहू गाडीचं भवितव्य वयावर नाही, फिटनेसवर ठरतं.

मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पंधरा वर्षांनंतर त्याची फी एकदम चढते. १ एप्रिल २०२२ पासून मोठ्या ट्रकची फी १,५०० रुपयांवरून १२,५०० वर गेली, हलक्या गाड्यांचीही बरीच वाढली. पुढे वयाचे आणखी टप्पे पाडून दर बदलले, म्हणून एजंटाच्या तोंडी आकड्यावर न जाता आरटीओतील चालू दर बघून मगच निर्णय घ्यावा. पासिंग संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा लागतात. गाडी सहा महिने अंगणात उभी राहिली तर नुसते त्याचेच ९,००० होतात. ‘चालवत नाही तर पासिंग कशाला’ असं म्हणणाऱ्यांना हा दणका हमखास बसतो.

तपासणीत नापास झालेल्या गाडीला दुरुस्ती करून पुन्हा तपासणीची संधी मिळते. त्यातही नापास झाली तर मात्र तिचा रस्ता भंगाराकडेच.

सीमेवरची खरी अडचण

यंत्रापेक्षा कागदाने बुडालेले लोक सीमाभागात जास्त सापडतील. एमएच ०९ ची गाडी कंग्राळीत येते, टीटीओ फॉर्मवर सह्या होतात, पैसे दिले जातात आणि गाडी जुन्याच मालकाच्या नावावर वर्षानुवर्षे फिरत राहते. पुढे ती तिसऱ्याला विकली जाते, मूळ मालकाला पत्ताही नसतो.

कायदा याकडे कसा बघतो, ते विकणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं. मोटार अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. मधे गाडी चार हात फिरली असली तरी नोंद नसेल तर जबाबदारी पहिल्या नावावरच येते. म्हणजे निपाणीत विकलेल्या गाडीने तीन वर्षांनी सांगलीत कुणाला उडवलं आणि विमा नसला, तर भरपाईची नोटीस निपाणीच्या घरी येऊ शकते. दोन लाखाच्या गाडीपायी शेत विकायची वेळ येते ती अशी.

म्हणून विक्री झाली की राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. परराज्यात जाणाऱ्या गाडीला मूळ आरटीओची एनओसी म्हणजे नमुना २८ लागतो. कर्जाची नोंद असेल तर बँकेचा नमुना ३५ आधी हातात घ्यावा, कारण हप्ते फिटूनही आरसीवर बोजा तसाच राहिलेला असतो. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर नवीन नंबर घ्यावाच लागतो. मग केए २२ किंवा चिक्कोडीचा केए २३, आणि त्याबरोबर इथला कर. स्वस्तात मिळाली म्हणून आनंद मानण्याआधी हा कर आणि एजंटाचा खर्च किमतीत मिळवून बघावा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

एक सवलत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो, ४०७ बसत नाही. शिनोळी, कोगनोळी ओलांडून रोज ये-जा करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. आरसीवरचा एकूण वजनाचा आकडा बघितल्याशिवाय सौदा करू नये. लायसन्सचा गोंधळही आता मिटला आहे. ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

खर्च कुठे लपतो

जुन्या गाडीला हप्ता नाही, म्हणून ती फुकटात चालते असं वाटतं. पण थर्ड पार्टी विमा गाडीच्या किमतीवर नाही, वजनावर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात भाड्याचा माल वाहणाऱ्या ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला कर सोडून १६,०४९ रुपये आहेत, गाडी नवी असो की जुनी. दहा लाखाच्या गाडीला हा खर्च दोन टक्केही होत नाही. दोन लाखाच्या गाडीला तो आठ टक्के होतो.

डिझेल दुसरी गळती. समजा लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी ११ वर आली आणि दिवसाला ७० किलोमीटर धावते. महिन्याच्या २५ दिवसांत सुमारे ३४ लिटर जादा जळतं. नोझल, पंप, एअर फिल्टर, टायरची हवा बघून सुधारलं तर ठीक. बोअर गेला असेल, ऑइल पीत असेल, तर इंजिन उघडावं लागणार. उद्यमबागेत मशीन शॉप आणि ऑटोनगरात गॅरेज असल्यामुळे बेळगावकरांना हे काम गावातच होतं, ही आपली जमेची बाजू.

गॅरेजमध्ये घालवलेला दिवस मात्र कुणी लिहून ठेवत नाही. भाजी सकाळी पोचली नाही तर दर पडतो, आणि ऐनवेळी दुसऱ्याचा टेंपो भाड्याने सांगावा लागतो. वर्षभर एका वहीत दुरुस्ती, डिझेल आणि बंद पडलेले दिवस लिहिले तर कुणाचा सल्ला घ्यायची गरज उरत नाही.

नव्या गाडीचंही एक दुखणं आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग, गरम इंजिनवर धावावी लागते. मळा ते एपीएमसी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याचा फिल्टर लवकर तुंबतो. अशा जवळच्या कामाला साध्या पंपाचं जुनं इंजिन अजूनही सोयीचं पडतं. चोर्ला किंवा आंबोली घाटातून रात्री गोव्याला माल नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे ब्रेक आणि वेळ दोन्हींवर पैसे लागलेले असतात, जुन्या गाडीवर भरवसा ठेवू नये.

घेताना आधी खाली वाका

इंजिन दुरुस्त होतं, टायर बदलतात, हौदा नवीन बांधता येतो. चासी सडली की खेळ संपला. गोव्याकडून किंवा वेंगुर्ल्याकडून मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर झिरपलेलं असतं. रंग ताजा मारला असला तरी आतल्या बाजूने हातोडीने ठोकून बघावं. बद्द आवाज आला तर समजावं. विटा वाहिलेल्या गाडीत पाटे बसलेले आणि पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंगचे डाग दिसतात. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावं, मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. चासी नंबर आरसीशी जुळवून घ्यावा, हायसिक्युरिटी नंबरप्लेट आहे का बघावं, आणि परिवहन पोर्टलवर दंड थकलेत का तेही तपासावं.

भंगारातच द्यायची ठरली तर गल्लीतल्या भंगारवाल्याला रोखीत देऊ नये. नोंदणीकृत केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नवीन मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुन्या आरसीची झेरॉक्स आणि विक्रीची पावती जपून ठेवावी.