अंपायरला मार्क कोण देतं?

गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर कोण, हा प्रश्न आमच्या शिवडीत कधी कुणाला पडलाच नाही. बॅटिंग करणाऱ्या टीममधला जो आउट झालाय, किंवा ज्याचा नंबर अजून लांब आहे, तो अंपायर. साहजिकच एलबीडब्ल्यू हा प्रकार अस्तित्वात नसायचा, रनआउटवर दहा मिनिटं राडा व्हायचा आणि शेवटी ज्याची बॅट त्याचं म्हणणं खरं ठरायचं.

हसू नका. कसोटी क्रिकेटसुद्धा शंभरेक वर्षं जवळपास याच तत्त्वावर चाललं. यजमान देशाचे दोन अंपायर, यजमान बोर्डाने निवडलेले, यजमान बोर्डाकडूनच मानधन घेणारे. फरक एवढाच, की त्यांच्या अंगावर पांढरा कोट असायचा :)

सध्या आमच्याकडे अप्रेझलचा सीझन चालू आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण गेले काही दिवस डोक्यात एकच किडा वळवळतोय. आपल्याला रेटिंग मॅनेजर देतो. मग अंपायरला कोण देतं? आणि फायनलला कोण उभा राहणार हे कशावरून ठरतं? म्हणून थोडा इतिहास उकरला. तोच या वीकएंडला तुमच्या माथी मारतोय.

सुरुवात आपल्या मुंबईतूनच करू. फेब्रुवारी १९४९, ब्रेबॉर्न स्टेडियम, वेस्ट इंडिजविरुद्धची पाचवी कसोटी. भारतापुढे ३६१ धावांचं लक्ष्य होतं. विजय हजारेंनी शतक ठोकलं आणि शेवटच्या काही मिनिटांत दत्तू फडकर धावा कुटत होते. भारत ८ बाद ३५५. सहा धावा हव्यात, घड्याळात दीडेक मिनिट शिल्लक, ओव्हरमधला एक चेंडू बाकी. आणि अंपायर बापू जोशींनी बेल्स उचलल्या! मॅच ड्रॉ. जिंकली असती तर तो भारताचा पहिलावहिला कसोटी विजय ठरला असता. त्यासाठी पुढे १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत, मद्रासच्या कसोटीपर्यंत थांबावं लागलं.

हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. घरचा अंपायर म्हणजे घरच्यांना झुकतं माप, असं आपण गृहीत धरतो. इथे घरच्या अंपायरच्या हातून नुकसान झालं ते घरच्याच टीमचं. म्हणजे प्रश्न फक्त पक्षपाताचा नाहीये. खच्चून भरलेल्या मैदानात, शेवटच्या दोन मिनिटांत डोकं थंड कोण ठेवू शकतो, हाही आहे. आणि हे लेखी परीक्षेत कळत नाही.

मग निवड करायची कशी? इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये एक पद्धत वर्षानुवर्षं होती. प्रत्येक मॅचनंतर दोन्ही कॅप्टन अंपायरना मार्क द्यायचे, आणि कसोटीचे अंपायर ठरवताना ते मार्क बघितले जायचे. वरवर पाहता एकदम फेअर. दिवसभर सगळ्यात जवळून काम बघणारा माणूस कोण, तर कॅप्टन. पण जरा विचार करा. ज्याला तुम्ही सकाळी शून्यावर एलबीडब्ल्यू दिलंत, तोच संध्याकाळी तुमचा फॉर्म भरणार! आपल्याकडे टेस्टरचं अप्रेझल डेव्हलपरने करावं, तसला प्रकार. टेस्टर बग काढेल, पण जपून काढेल.

मार्क देण्याच्या पुढची पायरी म्हणजे थेट नाव कापणं. १९८२ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताने डेव्हिड कॉन्स्टंट या अंपायरवर आक्षेप घेतला आणि इंग्लिश बोर्डाने तो मान्य केला. १९८७ मध्ये पाकिस्तानने त्याच कॉन्स्टंटवर आक्षेप घेतला, तेव्हा मात्र नकार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फैसलाबादला माइक गॅटिंग आणि अंपायर शकूर राणा यांची मैदानातच जुंपली, आणि कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला. अंपायर 'त्यांचा' आहे असं एकदा मनात बसलं, की निर्णय बरोबर असला तरी तो कुणी ऐकून घेत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट पुन्हा मुंबईतलीच. १९८० ची ज्युबिली कसोटी, वानखेडे. इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायर हनुमंत राव यांनी विकेटकीपरकडे झेल म्हणून आउट दिलं. भारताचा कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथला वाटलं, बॅट लागलेलीच नाही. त्याने अंपायरशी बोलून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा विकेट्सनी हरला. विशीचं कौतुक आजही होतं, व्हायलाच हवं. पण अशा वेळी अंपायरच्या खात्यात काय जमा होतं? चुकीचा निर्णय म्हणून मायनस, की चूक मान्य करून माघार घेतली म्हणून प्लस? कुठल्याही फॉर्ममध्ये यासाठी रकाना नसतो.

कोंडी फुटली ती १९८६ मध्ये. इम्रान खानच्या पाकिस्तानने वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी तिसऱ्याच देशाचे अंपायर बोलावले, आणि तेही कुठले? भारताचे! हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर. १९१२ च्या इंग्लंडमधल्या तिरंगी स्पर्धेनंतर तटस्थ अंपायर कसोटीत उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. पाकिस्तान दुसऱ्या डावात ७७ वर ऑलआउट झाला आणि डावाने हरला, पण अंपायरच्या नावाने कुणाला खडे फोडता आले नाहीत. तटस्थ अंपायरचा खरा फायदा हाच. हरणाऱ्याला आपण हरलो हे मान्य करता येतं.

रिपोर्टर राज्य वीज मंडळात नोकरी करायचे. नोकरी सांभाळून १४ कसोटी सामने आणि १९९२ चा वर्ल्ड कप. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात ते गेले, तेव्हा बातम्यांत लाहोरचा उल्लेख आवर्जून होता.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला टीव्ही रिप्ले बघून रनआउट देणं सुरू झालं, आणि त्याचा पहिला बळी आपला सचिन. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक अंपायर तटस्थ, २००२ पासून दोन्ही. त्याच वर्षी आयसीसीचं एलिट पॅनल आलं. पहिल्या आठ जणांत एकच भारतीय होता, वेंकटराघवन. आता अंपायर पगारी झाले. कॅप्टन आणि मॅच रेफरीच्या अहवालांच्या जोडीला व्हिडिओ आला, प्रत्येक निर्णय पुन्हा तपासला जाऊ लागला. पुढे डीआरएस आल्यावर तर चुका स्कोअरबोर्डसारख्या जाहीर झाल्या.

मग फायनलसाठी सगळ्यात जास्त मार्क असलेला अंपायर, एवढं सोपं झालं का? नाही. सायमन टॉफेलचं उदाहरण घ्या. २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम अंपायर. पण २००७ ची वर्ल्ड कप फायनल त्याला मिळणं शक्यच नव्हतं, कारण ऑस्ट्रेलिया फायनलमध्ये होती. देशाची टीम भारी, ही अंपायरची शिक्षा! अखेर २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर तो अलीम दारबरोबर उभा राहिला. त्या रात्री आपण सगळे धोनीचा सिक्स बघत होतो, टॉफेलकडे कोण बघतंय?

२००७ च्या त्या फायनलचीही गंमत बघा. बार्बाडोसला अंधार पडला होता, मॅच संपल्यात जमा होती. तरीही अंपायर आणि रेफरींनी नियम चुकीचा लावून उरलेल्या ओव्हर्स अंधारात खेळायला लावल्या. म्हणजे जगातून निवडून आणलेले, अनुभवी, रेटिंगवाले लोक, आणि नियमातच चुकले. सगळ्या अधिकाऱ्यांना त्या वर्षीच्या ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधून वगळण्यात आलं.

आणि पुढच्याच वर्षी सिडनी. भारताच्या तक्रारीनंतर स्टीव्ह बकनरला पर्थ कसोटीतून काढून बिली बाउडेनला आणलं गेलं. बकनरच्या चुका झाल्या होत्या, वादच नाही. मीही तेव्हा शिव्या घातल्या असतीलच. पण आज वाटतं, मालिकेच्या मध्यात ज्याचं बोर्ड श्रीमंत त्याच्या म्हणण्यावरून अंपायर बदलायचा असेल, तर आपण १९८२ च्या फार पुढे आलोय का?

आता घरच्या अंगणात येऊ. २०२२ मध्ये बीसीसीआयने अंपायरच्या ग्रेड नव्याने लावल्या: ए प्लस, ए, बी, सी, डी. वरच्या दोघांना डोमेस्टिक मॅचचे दिवसाला ४०,००० रुपये, त्याखालच्या बी आणि सी ग्रेडला ३०,०००. म्हणजे रेटिंग हा आता नुसता मानाचा मामला राहिला नाही, पोटापाण्याचा झाला. त्याच वर्षी अहमदाबादला महिला आणि ज्युनिअर सामन्यांसाठी, म्हणजे डी ग्रेडसाठी परीक्षा झाली. एकूण २०० मार्क, त्यातले १०० लेखी, कटऑफ ९०. बसले साधारण १४०, पास झाले ३! प्रश्न कसे, तर पॅव्हेलियनची, झाडाची किंवा फिल्डरची सावली पिचवर पडली आणि बॅट्समनने तक्रार केली तर काय कराल? (पॅव्हेलियन आणि झाडाकडे दुर्लक्ष. फिल्डरला मात्र हलू नकोस म्हणून सांगायचं, हलला तर डेड बॉल.) आमच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला हे विचारलं असतं तर अख्खी बॅच बेरोजगार राहिली असती.

तटस्थतेचा नियमही आता घरच्या क्रिकेटमध्ये मुरलाय. मार्च २०२० च्या राजकोटच्या रणजी फायनलमध्ये अंपायर शमशुद्दीन यांना चेंडू लागला. जागेवर जो माणूस हजर होता तो स्थानिक, आणि फायनल सौराष्ट्राची. त्यामुळे त्याला फक्त स्क्वेअर लेगला उभं केलं आणि अनंतपद्मनाभन यांनी सेशनभर दोन्ही बाजूंनी अंपायरिंग केलं. शिवडीच्या गल्लीतल्या नियमाचं हे बरोबर दुसरं टोक!

आणखी एक. जानेवारी २०२३ मध्ये वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी सामन्यांत अंपायर म्हणून उतरल्या. वृंदा आपल्या मुंबईच्या मैदानांतून, स्कोअररचं काम करत वर आलेली. आणि जननी आधी सॉफ्टवेअर इंजिनिअर होती, नोकरी सोडून इकडे आली. (मॅनेजर वाचत असतील तर, मी कुठेही जात नाहीये. ह. घ्या.)

हे सगळं झालं कॅमेऱ्यासमोरचं. पण बहुतेक अंपायर वाढतात ते कॅमेरा नसलेल्या मैदानांवर. मुंबईची कांगा लीग १९४८ साली पावसाळी लीग म्हणूनच सुरू झाली. हार्बरने सीएसएमटीला उतरून आझाद मैदानात शिरा, म्हणजे कळेल. एका मॅचचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या अंपायरशेजारी उभा असतो. पिच ओलं, अपील करायला दहा-अकरा घसे, आणि रिप्ले नाही. इथे निर्णय बरोबर होता की चूक, हे मोजायला काहीच नसतं. उरतं फक्त कॅप्टनचं मत. आणि नेमकी इथूनच पुढच्या यादीत जाणाऱ्यांची चाळणी सुरू होते.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी. एक, खेळणाऱ्याचं मत जरूर घ्यावं, पण त्याच्या हातात निकाल देऊ नये. निवृत्त अंपायरने बाउंड्रीबाहेर बसून दिवसभर बघावं आणि लिहावं, मग भले तो एका मॅचसाठीच येवो. दुसरं, बरोबर निर्णयांची टक्केवारी मोजा, पण तेवढीच मोजू नका. बापू जोशींच्या त्या दीड मिनिटाचं माप टक्केवारीत येत नाही. एका चुकीत माणूस ०.५ टक्क्याने घसरतो, पण हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत एक कसोटी विजय निसटतो.

आपल्या अप्रेझलबद्दलही हेच म्हणता येईल, पण तो विषय पुढच्या वीकएंडला. तोवर एक करा. मैदानाच्या कडेने जाताना मॅच दिसली, तर पाच मिनिटं फक्त अंपायरकडे बघा. चेंडूगणिक तो काय काय करतो ते मोजा, आणि मग सांगा, तुम्ही त्याला दहापैकी किती द्याल?