जालन्यातील पोलिसी नोकरी आणि तिचा ताण

हैदराबाद संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी रचना, करून पोलिसांना महसुली कामापासून वेगळे केले, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या जालन्याचा बंदोबस्त मोहतमीम, म्हणजे जिल्ह्याचा पोलीस प्रमुख, आणि त्याच्या हाताखालचे अमीन या पदाचे पोलीस अधिकारी यांच्याकडे आला. संस्थानची राजवट 1948 मध्ये संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम येथेही लागू झाला. या अधिनियमाच्या कलम 28 नुसार रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि त्याला राज्यात कोठेही नेमता येते.

व्यावसायिक ताण, म्हणजे कामाची मागणी माणसाच्या सोसण्याबाहेर गेल्याने शरीर व मन यांची होणारी झीज, पोलिसांच्या बाबतीत बहुधा स्वभावदोष किंवा व्यसन म्हणून पाहिला जातो. त्याचे मूळ मात्र सदैव कर्तव्यावर मानणाऱ्या या कलम 28 मध्ये अधिक आहे. जालन्यात मुख्यालय असलेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक 3 मध्ये ते ठळकपणे दिसते, कारण निवडणूक असो वा दंगल, कंपनी निघते, जवान मिळेल त्या शाळेत वा मंगल कार्यालयात पथारी टाकतो, आणि मुलांचे आजारपण, शाळा, घरातील वडीलधारे हे सारे मागे राहिलेल्या पत्नीवर पडते. ठाण्यातील शिपायाला घर जवळ असते इतकेच. सणासुदीचा बंदोबस्त लागला की त्याचीही साप्ताहिक सुट्टी रद्द होते.

1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी, 18 ऑगस्ट 1982 रोजी, पगार, कामाचे तास आणि साहेबांच्या घरची कामे यांविषयी साचलेला असंतोष मुंबईतील पोलिसांच्या बंडातून बाहेर पडला. ते बंड मोडले गेले आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यताही गेली. परवानगीशिवाय संघटना करण्यास 1966 च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांना आधीच मनाई होती, त्यामुळे तक्रारीचा सामुदायिक मार्ग बंदच राहिला. पोलिसाचा ताण असा अबोलच राहतो, हे जालन्यात पुन्हा दिसले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे 1 सप्टेंबर 2023 रोजी मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, तेव्हा आंदोलकांबरोबर पोलीसही जखमी झाले. आंदोलकांच्या जखमांवर राज्यभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती, पण आपल्याच मुलखातील माणसांसमोर लाठी घेऊन उभे राहणाऱ्या शिपायाच्या मनाची दखल क्वचितच घेतली गेली. कामाचे तास कमी करण्यासाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग 2016 मध्येच मुंबईच्या देवनार ठाण्यात सुरू झाला. कलम 28 त्यानंतरही कायम राहिले.