पनवेलच्या खाडीचें पाणी, ध्वनियंत्रें व त्रुटिमान

कौटिल्यानें कोष्ठागारापाशीं अरत्निभर तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजण्यास सांगितलें आहे. पुढें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत तो निरनिराळ्या देशांचें पर्जन्यमान द्रोणांत देतो. अश्मकास अमुक, अवंतीस अमुक असे आंकडे देत तो अपरांतापाशीं येतो, व तेथें आंकडा न घालतां 'अमित' एवढेंच म्हणून पुढें जातो. अपरांत म्हणजे आमचें कोंकण. पनवेलींत साठांहून अधिक पावसाळे काढलेल्या आम्हांस हा शब्द अतिशयोक्तीचा वाटत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हां तर त्याचा अर्थ आबालवृद्धांस कळला. परंतु पडलेलें पाणी कुंडांत तरी सांपडतें; वाहतें पाणी मोजणें ही निराळीच विद्या आहे, व तिचा आमच्या दफ्तरांशीं कांहीं संबंध आहे असें दिसून आल्यावरून हा लेख लिहीत आहों.

गाढी नदी माथेरानच्या डोंगरांतून उतरून पनवेलीजवळ खाडीस मिळते. शाळेंत असतां आम्हीं मुलांकडून तिच्या पात्रांत लांकडाचे तुकडे सोडवून, ठराविक अंतर तोडण्यास किती वेळ लागतो तें मोजवीत असूं. पृष्ठावरचें पाणी तळच्या पाण्याहून जलद धांवतें, म्हणून आलेल्या वेगाचे शेंकडा पंचाऐंशी धरावयाचे, त्यास पात्राच्या छेदानें गुणावयाचें, कीं प्रवाह निघाला. याहून चांगली रीत वाट्यांच्या चक्राची. प्रवाहांत धरलेलें चक्र किती फेरे घेतें त्यावरून वेग काढितात. अशा चक्रांची पारख करण्याची सोय १९१६ सालीं स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रांत आहे. नदीच्या उंचीस किती पाणी हें एकदां ठरलें म्हणजे पुढें नुसती पट्टी वाचून काम भागतें.

ही पट्टी खाडींत मात्र फसते. पाण्याची एकच उंची भरतींत एकदां व ओहोटींत एकदां येते. पहिल्या वेळीं पाणी गांवाकडे चाललेलें असतें, दुसऱ्या वेळीं समुद्राकडे. नारळी पौर्णिमेस चढत्या भरतींत टाकलेला नारळ आधीं गांवाकडेच जातो, हें काठावरचीं पोरेंही जाणतात.

येथें ध्वनि उपयोगी पडतो. नैयायिकांनीं शब्द वीचीतरंगन्यायानें पसरतो असें म्हटलें. तो पाण्यांतून किती वेगानें जातो हें १८२६ सालीं जिनीव्हाच्या सरोवरांत कोलादों व स्टुर्म यांनीं घंटा बुडवून मोजलें. तो वेग सेकंदास सुमारें १४३५ मीटर भरला. कोमट पाण्यांत तो १४८० च्या आसपास असतो. आतां प्रवाहास तिरपीं अशीं दोन यंत्रें समोरासमोरच्या तीरांवर पाण्यांत बसविलीं, तर प्रवाहाबरोबर जाणारा ध्वनि लवकर व उलट येणारा उशिरां पोहोंचतो. अंतर १०० मीटर व त्या रेषेंत पाण्याचा वेग सेकंदास एक मीटर धरल्यास दोहोंतील फरक सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकीं सुमारें ९१ भाग येतो.

हा आंकडा पाहून आम्हांस भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि आठवला. शके १०७२ च्या या ग्रंथांत निमेषाचा तिसावा भाग तत्पर व तत्पराचा शतांश त्रुटि सांगितली आहे. अहोरात्राचे ९,७२,००० निमेष होतात. त्या हिशेबानें एका सेकंदांत ३३,७५० त्रुटि बसतात. म्हणजे वरील फरक जवळ जवळ तीन त्रुटींचा झाला! विद्यार्थिदशेंत या मानाचा उपयोग कोणता असें आम्हीं गुरुजींस विचारलें होतें. उत्तर आतां मिळालें. यावरून भास्कराचार्यांपाशीं असलें यंत्र होतें असा तर्क मात्र कोणी लढवूं नये. घटिकापात्र घटिका दाखवी. त्रुटि ही गणिताची विभागणी होती.

दुसरें यंत्र डॉपलरच्या १८४२ च्या सिद्धांतावर चालतें. जवळ येणाऱ्या वस्तूचा स्वर चढतो, दूर जाणारीचा उतरतो. बाइस बॅलट यानें १८४५ त हॉलंडांत आगगाडीवर तुताऱ्या वाजवून हें पडताळलें. नावेखालीं बसविलेलें यंत्र पाण्यांत ध्वनि सोडतें. गाळाचे कण तो परतवितात, व स्वराच्या फरकावरून प्रत्येक थरांतील वेग निघतो. पाणी अगदीं निवळ असेल तर प्रतिध्वनि दुबळा, अति गढूळ असेल तर ध्वनि मध्येंच विरतो. आणि पुरांत तळचा गाळच सरकूं लागला म्हणजे यंत्रास नावेची चाल चुकीची कळून प्रवाह कमी दिसतो. जलविज्ञान प्रकल्पाच्या काळापासून हीं यंत्रें आपल्या देशांतील नद्यांवर वापरांत आलीं आहेत.

आतां दफ्तरांकडे वळूं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी कर्जतवरून गेली. तोंपर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारा माल व माणूस बहुधा पनवेलच्या बंदरींच उतरे, आणि मचवे-पडाव भरतीवर आंत येत. कोंकणचे नाखवे दोन्ही पक्षांत तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची वेळ काढितात. षष्ठीस साडेचार, पौर्णिमेस सव्वाअकरा. समजा, षष्ठीच्या एखाद्या मोडी पत्रांत लादलेला पडाव दीड प्रहर दिवसास धक्क्यास लागला असें आहे. ती वेळ साडेदहाच्या सुमाराची, म्हणजे ऐन ओहोटीची. तर तिथि, प्रहर किंवा पत्र, यांपैकीं एकांत कांहीं खोट आहे असा संशय घ्यावा लागेल.

संशय घ्यावा, निकाल देऊं नये. भरती बंदरापेक्षां खाडीच्या टोंकाशीं मागाहून येते, आणि पाण्याची उंची संपण्याचा क्षण व प्रवाह फिरण्याचा क्षण हे एक नव्हत. हा दुसरा क्षण ध्वनियंत्रच नेमका दाखवितें. तथापि आजची खाडी ही पेशवाईंतील खाडी नव्हे. भराव झाले, पूल झाले, विमानतळासाठीं उलव्याचा प्रवाह वळविला गेला. आजचें माप जुन्या पत्रास तसेंच लावणें म्हणजे नव्या पायलीनें जुनें धान्य मोजणें होय. उलट बाजूनें, ज्यांवर तिथि व वेळ दोन्ही आहेत अशा बंदरच्या नोंदी पुरेशा जमल्या तर जुन्या खाडीची भरती केव्हां येई हें त्यांवरूनच काढतां येईल. ज्या संग्राहकांपाशीं पनवेल बंदरचे असे कागद असतील त्यांनीं पत्राची तिथि, वेळेचा उल्लेख व पडावाचा प्रकार एवढ्या तीन गोष्टी जशाच्या तशा उतरून मंडळाकडे धाडाव्या. शक बाह्य पुराव्यानें ठरविलेला असल्यास तसें निराळें लिहावें.