शवासन दिसते तितके सोपे नाही

परीक्षेचा निकाल, नोकरीतील कपात, घरातील आजारपण, कर्जाचा हप्ता यांपैकी कशानेही माणूस अस्वस्थ झाला की त्याला पहिला सल्ला मिळतो, तो 'टेन्शन घेऊ नकोस' असा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण मन आज्ञा ऐकत नाही. 'विचार करू नकोस' असे स्वतःला बजावणारा माणूस त्याच विचाराभोवती अधिक वेळ घुटमळत राहतो. शरीराचे तसे नाही. आवळलेल्या मुठी सोडता येतात, वर चढलेले खांदे खाली आणता येतात, श्वास लांबवता येतो. शरीर सैल पडू लागले की काही वेळाने मनही त्याच्या मागोमाग येते. शवासनाचा आधार हाच आहे.

योगवर्गात या आसनाची सर्वाधिक उपेक्षा होते. ते बहुधा शेवटी घेतले जाते आणि तोवर अनेकांचे लक्ष घड्याळाकडे लागलेले असते. नुसते तर पडून राहायचे, त्यात शिकण्यासारखे काय, अशीही समजूत असते. जुन्या ग्रंथकारांना तसे वाटत नव्हते. स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त मोजक्याच आसनांचे वर्णन आहे आणि त्यात शवासनाला स्थान आहे. शरीराचा थकवा घालवणे व चित्ताला विश्रांती देणे ही त्याची दोन्ही कार्ये तेथे एकत्रच सांगितली आहेत. 'घेरंडसंहिते'त याच आसनाला मृतासन असे नाव आहे. नाव ऐकून घरातील ज्येष्ठ मंडळी कधी कधी बिचकतात; पण अभिप्राय एवढाच, की शव ज्याप्रमाणे कोणत्याही अवयवावर आपला हक्क सांगत नाही, त्याप्रमाणे देह जमिनीच्या स्वाधीन करावा.

तणावाच्या प्रसंगी शरीरात काय घडते, हे पाहिले म्हणजे या 'स्वाधीन करण्या'चे महत्त्व ध्यानात येते. संकटाची चाहूल लागताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात, श्वास उथळ व जलद होतो. थोड्या वेळाने कॉर्टिसोल हे संप्रेरकही वाढते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात या सिद्धतेचे विवेचन केले. लढण्यासाठी वा पळून जाण्यासाठी ती अत्यंत उपयुक्त आहे. अडचण अशी, की वरिष्ठांच्या ई-मेलशी लढता येत नाही आणि हप्त्यापासून पळता येत नाही. सिद्धता तशीच राहते आणि दिवस संपला तरी उतरत नाही. मान आखडणे, दात आवळले जाणे, झोप तुटणे, पोट बिघडणे या तक्रारी घेऊन अनेकजण डॉक्टरांकडे जातात, त्या बऱ्याचदा अशा न उतरलेल्या सिद्धतेच्या असतात.

उतरवण्याचे काम परानुकंपी चेतासंस्थेचे. तिला थेट हुकूम देता येत नाही; पण श्वास ही तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित मंदावते. हृदयाला आवर घालणारी व्हेगस चेता उच्छ्वासाच्या वेळी अधिक प्रभावी असते, हे त्यामागचे कारण. म्हणूनच उच्छ्वास लांबला की शरीराला धोका टळल्याचा संदेश मिळतो. काम पार पडल्यावर आपण 'हुश्श' करतो, त्यात हेच घडत असते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन संशोधकांच्या एका अभ्यासात लॅटिन भाषेतील मेरीमातेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र यांच्या पठणाचा परिणाम तपासला गेला. दोहोंच्या लयीत श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे श्वास एरवी मिनिटाला १२ ते २० असतात.

शवासनाची वैद्यकीय कसोटी प्रथम पाहिली गेली ती मुंबईत, हे अनेकांना ठाऊक नसते. योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याची परंपरा स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना करून सुरू केली होती. पुढे परळच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्यांचा निबंध १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही रुग्ण औषधे न घेणारे होते, काहींचा रक्तदाब औषधांनी आटोक्यात होता, तर काहींचा औषधे घेऊनही आटोक्यात नव्हता. रोज अर्ध्या तासाच्या सरावाने त्यांपैकी अनेकांचा रक्तदाब उतरला आणि काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. सर्वांना सारखा लाभ झाला नाही, हेही त्या निबंधात नमूद आहे. आजच्या निकषांनी पाहता हा अभ्यास लहान होता. मात्र त्याने एक दार उघडले. इंग्लंडमधील भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी पुढील काही वर्षांत याच दिशेने काम केले. त्यांनी १९७५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३४ रुग्णांच्या चाचणीत तुलनेसाठी स्वतंत्र गटही होता आणि शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा रक्तदाब अधिक उतरल्याचे दिसले.

केईएममध्ये वापरलेली पद्धत घरी करता येण्याजोगी आहे. सतरंजीवर उताणे निजावे. पायांत सुमारे फूटभर अंतर, हात शरीरापासून थोडे दूर, तळवे आकाशाकडे, डोळे मिटलेले. श्वास छातीने न घेता पोटाने घ्यावा, म्हणजे श्वासपटल खाली सरकून पोट हलके वर येते. श्वास आत घेतल्यावर क्षणभर थांबावे व बाहेर सोडल्यावर त्याहून थोडे अधिक थांबावे. हा विराम ओढूनताणून लांबवू नये. गुदमरल्यासारखे वाटले तर तो जास्त झाला असे समजावे. ही लय जमली की लक्ष नाकपुड्यांकडे न्यावे. आत जाणारी हवा गार लागते आणि बाहेर येणारी कोमट. बस, एवढेच जाणवत राहावे. मन भटकेल, उद्याची कामे मोजू लागेल. त्याच्यावर न रागावता पुन्हा त्या गारव्याकडे यावे. केईएममधील रुग्णांनाही हे जमण्यास सुमारे तीन आठवडे लागत असत. चार दिवसांत 'आपल्याला जमत नाही' म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिल्या दिवसांत अनेकांची अडचण वेगळीच असते. आपला कोणता स्नायू आवळलेला आहे, हेच त्यांना समजत नाही. वर्षानुवर्षे कपाळाला आठी घालून बसणाऱ्याला ती आठी जाणवत नाही. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात यावर तोडगा काढला. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, तो ताण नीट अनुभवायचा आणि मग सोडून द्यायचा. पावलांपासून सुरुवात करून पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ असे वर जाता येते. जबडा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. वरचे व खालचे दात एकमेकांना टेकलेले असतील तर तो सैल नाही, ही त्याची साधी खूण.

शवासनात झोप लागणे हा दोष नसला तरी ते शवासन नव्हे. दिवसभराच्या धावपळीनंतर रात्री अंथरुणावर ते करणारे बहुतेक जण घोरू लागतात. झोप हवी असेल तर उत्तमच. पण जागेपणी सैल राहण्याची सवय लावायची असेल तर संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणापूर्वीची वेळ अधिक सोयीची. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. कंबर दुखत असल्यास गुडघ्यांखाली घडी केलेली चादर घ्यावी. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डोके व पाठ थोडी उंच ठेवावी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणे न निजता डाव्या कुशीवर निजावे. उठताना एकदम उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग हाताचा आधार घेऊन बसावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्याने चक्कर येऊ शकते.

आणि मुंबई-ठाण्याच्या घरांत आडवे होण्याइतकी मोकळी जागा तरी कुठे असते, हा प्रश्न रास्तच आहे. लोकलमध्ये खिडकी मिळाली, किंवा कचेरीत खुर्चीवर पाठ टेकली तरी खांदे व जबडा सैल सोडून दहा-बारा लांब उच्छ्वास सोडता येतात. अर्ध्या तासाची बरोबरी त्याने होणार नाही. मुलाखतीपूर्वीची धडधड कमी होण्यास तेवढे पुष्कळदा पुरते. ज्याने आडवे पडून सराव केला आहे, त्याला ते लवकर साधते.

शवासनाने बरे वाटू लागले की स्वतःच गोळ्या बंद करणारे रुग्ण असतात. हे धोक्याचे आहे. रक्तदाब वाढलेला असूनही माणसाला काही जाणवत नाही, त्यामुळे बरे वाटणे हे तो उतरल्याचे प्रमाण ठरत नाही. मात्रा कमी करायची ती तपासणी करून, डॉक्टरांनीच. छातीत दुखणे किंवा दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम आणि धाप अशी लक्षणे दिसल्यास 'टेन्शनमुळे होत असेल' म्हणून आडवे पडून वाट पाहू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

काही जणांना डोळे मिटून स्वस्थ पडल्यावर उलट अधिक भीती वाटते. विशेषतः एखादा भयंकर प्रसंग अनुभवलेल्यांच्या बाबतीत असे होऊ शकते. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून किंवा सावकाश चालत श्वासाकडे लक्ष द्यावे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप व भूक हरपली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने आसने करीत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही दूरध्वनी करून समुपदेशकाशी मराठीतही बोलता येते.