बालकांच्या लहान शस्त्रक्रियेतील श्वासमार्ग व्यवस्थापन

भूल दिलेल्या बालकाचा श्वासमार्ग खुला राखून प्राणवायूचा पुरवठा अखंड ठेवणे म्हणजे श्वासमार्ग व्यवस्थापन होय. बालके स्थिर राहू शकत नसल्याने हर्नियासारख्या लहान शस्त्रक्रियेसाठीही त्यांना बहुधा संपूर्ण भूल द्यावी लागते.

शरीररचना

बालकाचे डोके व जीभ तुलनेने मोठी आणि स्वरयंत्र मानेत वरच्या बाजूस असते. वजनाच्या मानाने प्राणवायूचा वापर प्रौढांच्या सुमारे दुप्पट असल्याने श्वास थांबताच रक्तातील प्राणवायू वेगाने घटतो.

पूर्वतयारी

जठरातील अन्न फुप्फुसांत जाऊ नये म्हणून साधारणपणे पाणी २, स्तनपान ४ आणि गाईचे दूध वा अन्न ६ तास आधी थांबवतात. मालवण किनाऱ्यावर मुलांना दिली जाणारी तांदळाची पेज पातळ असली, तरी ती पाण्यात नव्हे, अन्नात गणली जाते. नुकताच सर्दी-खोकला झाला असल्यास तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार होतो.

साधने

अल्पकालीन शस्त्रक्रियेत चेहऱ्यावरील मुखवटा किंवा आर्ची ब्रेन यांनी १९८३ मध्ये प्रथम वर्णिलेला स्वरयंत्र मुखवटा वापरतात. श्वासनलिकेत नळी घालायची असल्यास, २ वर्षांवरील बालकासाठी कफविरहित नळीचा अंतर्व्यास वयाच्या चतुर्थांशात ४ मिळवून मिलिमीटरमध्ये काढतात. ४ वर्षांच्या मुलास तो ५ मिमी येतो.

गुंतागुंत

स्वरयंत्राचे अचानक आकुंचन, म्हणजेच लॅरिंगोस्पाझम, ही गंभीर गुंतागुंत आहे. उत्तेजना थांबवणे, जबडा पुढे ओढणे, दाबाने शुद्ध प्राणवायू देणे व भूल गाढ करणे हे प्राथमिक उपाय होत. त्यांनी ते न सुटल्यास सक्सामेथोनियम देतात. नळी काढताना व शुद्धीवर येतानाही हा धोका असल्याने बालक पूर्ण जागे होईपर्यंत पल्स ऑक्सिमीटरद्वारे निरीक्षण सुरू ठेवतात.