मॅस्क निर्देशांक

केमोथेरपी घेणाऱ्या कर्करुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर पुढे गंभीर गुंतागुंत होण्याचा धोका किती, हे रुग्णाला तपासताक्षणी ठरवण्याची गुणपद्धती. कर्करुग्णांच्या पूरक उपचारांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले. ब्रसेल्सचे जाँ क्लास्टर्स्की आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी ही पद्धत २००० साली प्रसिद्ध केली.

केमोथेरपीच्या माऱ्यात अस्थिमज्जाही सापडते. औषध दिल्यानंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांत न्यूट्रोफिल या लढाऊ पेशी तळाला जातात. रुग्णाच्या घरचे याला ‘काउंट पडले’ म्हणतात. काउंट जितके कमी आणि जितके दिवस कमी, तितका संसर्ग जास्त, हे जेराल्ड बोडी यांनी १९६६ साली रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत दाखवले. दर घनमिलिमीटरला ५००च्या खाली संख्या गेली की पू सहसा धरत नाही, छातीच्या एक्स-रेवर डागही बरेचदा उमटत नाही. संसर्गाची खूण म्हणून अनेकदा ताप तेवढा उरतो. घरी पॅरासिटामॉल देऊन तो उतरवला, तर तीही खूण पुसली जाते. म्हणूनच अशा तापात तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू करतात.

पूर्वी अशा प्रत्येक रुग्णाला दाखल करून शिरेतून औषध देत. सगळ्यांना त्याची गरज नसते, हे बोस्टनच्या जेम्स टॅलकॉट यांच्या १९८८च्या अभ्यासातून पुढे आले. घरी असताना ताप आलेले, कर्करोग आटोक्यात असलेले आणि दुसरा गंभीर आजार नसलेले रुग्ण बहुतांशी सुखरूप राहत. मॅस्कने हाच विचार गुणांत बसवला.

येथे गुण जास्त म्हणजे धोका कमी. या तापाच्या आजाराचा त्रास नसेल किंवा सौम्य असेल तर ५, मध्यम असेल तर ३, तीव्र असेल तर शून्य. वरचा रक्तदाब ९०च्या वर असेल तर ५. फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा विकार नसेल तर ४. गाठीचा कर्करोग असेल किंवा पूर्वी बुरशीचा संसर्ग झालेला नसेल तर आणखी ४. सलाईन लावण्याइतके अंगातले पाणी घटलेले नसेल तर ३, ताप घरी असताना आला असेल तर ३, वय साठीच्या आत असेल तर २. एकूण २६. २१ किंवा अधिक गुणांचा रुग्ण कमी धोक्याचा मानतात.

न्यूट्रोफिलची संख्या या यादीत नाही, याचे प्रथम वाचणाऱ्याला नवल वाटते. ती घटलेली आहे हे गृहीतच धरलेले असते. तोलायचे असते रुग्णाचे बाकीचे बळ. खरा कच्चा दुवा पहिल्या निकषात आहे. ‘सौम्य’ आणि ‘मध्यम’ यांतली रेघ तपासणाऱ्याच्या नजरेवर ठरते, आणि रात्री दोन वाजता नवख्या डॉक्टरची नजर व अनुभवी परिचारिकेची नजर सारखी नसते. मूळ अभ्यासाच्या पडताळणीत कमी धोक्याचे ठरवलेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण गंभीर गुंतागुंतीविना बरे झाले. उरलेल्या ९ टक्क्यांकडे डोळेझाक करता येत नाही. वरवर स्थिर दिसणाऱ्या, गाठीच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी स्पेनमधील संशोधकांनी २०१५ साली ‘सिस्ने’ ही वेगळी मोजणी मांडली, ती याच चिंतेतून. तीत रक्तातली वाढलेली साखर, तोंड येणे, मोनोसाइटची घट यांचेही गुण धरतात. मात्र तिथे गुण वाढले की धोका वाढतो.

गुण पुरेसे असले तरी रुग्णाला लगेच घरी धाडत नाहीत. गोळ्या पोटात ठरतात का, हे काही तास पाहतात. घरी चोवीस तास सोबतीला कोणी हवे, फोन व वाहन हवे, आणि रुग्णालय तासाभराच्या अंतरावर हवे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला रुग्ण या शेवटच्या अटीत बसतो. तेवढेच गुण मिळवून गडचिरोलीच्या आपल्या गावी परतलेला रुग्ण बसत नाही, आणि त्याला दाखल करणेच योग्य ठरते.