पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन

शनिवारी सकाळी घरात कुणी उठायच्या आत हेडफोन लावून काहीतरी ऐकायचं आणि रविवारी त्यावर इथे खरडायचं, हा आता नियमच झालाय. या आठवड्यात ऑर्नेट कोलमन. खरं तर हा लेख फार आधी व्हायला हवा होता, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा दहाव्या मिनिटाला बंद केला होता! एका मित्राने त्याची 'फ्री जॅझ' ही रेकॉर्ड दिली होती. मला वाटलं, आठ जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकाच वेळी वाजवायला सांगितलंय. (फार चुकलो नव्हतो. डाव्या कानात चार वादक, उजव्या कानात चार. २१ डिसेंबर १९६० ला सलग वाजवलेली सदतीस मिनिटं.)

तर मंडळी, चुकीच्या टोकाकडून शिरलो होतो. आता सुरुवातीपासून.

ऑर्नेटचा जन्म ९ मार्च १९३० चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी आणि घरात पैशांची तंगी. चौदाच्या आसपास हातात सॅक्सोफोन आला, पण शिकवायला कोणी नाही. मग पियानोचं पुस्तक समोर ठेवून पठ्ठ्या स्वतःच शिकायला लागला. आता इथे एक गोची आहे, पेटी शिकलेल्यांना ती पटकन कळेल. आल्टो सॅक्सोफोनवर ज्या सुराला 'सी' म्हणतात, म्हणजे आपली पांढरी एक, तो वाजवला की प्रत्यक्षात ऐकू येते काळी दोन. वाद्याची बनावटच तशी. पियानोच्या पुस्तकातून एकट्याने शिकणाऱ्या पोराला हे सांगणार कोण? त्याने नावं आणि सूर यांची जोडी आपल्या मनाने लावली, आणि ती चुकली. पुढे इतरांबरोबर वाजवायची वेळ आली तेव्हा ते उघडकीला आलं आणि शोभा व्हायची ती झाली. पण माझा अंदाज असा की सुराचं नाव ही माणसांनी लावलेली पाटी आहे, सूर वेगळा, हे त्याला तिथेच कळलं असणार. आयुष्यभर तो हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिला.

शाळेच्या बँडमध्ये सूझाचा 'वॉशिंग्टन पोस्ट' मार्च वाजवताना साहेबांनी मध्येच स्वतःचं काहीतरी घुसवलं. झाली हकालपट्टी.

१९४९ मध्ये तो एका फिरत्या खेळाच्या कंपनीबरोबर बाहेर पडला. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये नाचाच्या कार्यक्रमानंतर काही जणांनी त्याला बेदम मारलं आणि त्याचा टेनर सॅक्सोफोन मोडून टाकला. त्यानंतर तो आल्टोकडे वळला आणि फिरत फिरत लॉस एंजेलिसला पोचला.

तिथे पोटासाठी काय करावं? एका मोठ्या दुकानात लिफ्टमनची नोकरी. गिऱ्हाईक नसलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन उभी करायची आणि आत बसून संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायची. (आपल्यापैकी कितीजण ऑफिसच्या वेळेत काय काय वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा कोणी हसू नये :-) ) १९५४ मध्ये नवं वाद्य घ्यायचं ठरलं, पण धातूचं परवडेना. म्हणून ग्राफ्टन कंपनीचा पांढरा प्लॅस्टिकचा आल्टो घेतला. लोकांना वाटलं खेळणं आहे. रात्री क्लबात तो स्टेजवर चढला की बाकीचे वादक खाली उतरायचे.

का उतरायचे? तेव्हाच्या जॅझमध्ये एखाद्या गाण्याच्या कॉर्ड्सचा ठरलेला क्रम पुन्हा पुन्हा फिरत राहायचा, आपल्या आवर्तनासारखा, आणि एकल वाजवणाऱ्याने त्या क्रमाला धरून नवं रचायचं. आपण नक्की कुठे आहोत हे पियानोवाला सतत सांगत असतो. ऑर्नेटचं म्हणणं उलटं: मी वाजवतोय ती चाल जिकडे जाईल तिकडे बाकीच्यांनी यावं, आधी आखलेल्या कॉर्ड्सनी मला ओढू नये. म्हणून त्याने पियानोच काढून टाकला. उरले डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट, चार्ली हेडनचा बास आणि बिली हिगिन्सचे ड्रम्स. रागसंगीत ऐकणाऱ्या आपल्या कानांना हे सोपं जायला हवं, आपल्याकडे कुठे कॉर्ड बदलतात? पण आपल्याकडे तंबोरा असतो, सा हलत नाही. ऑर्नेटकडे साच चालायला लागतो, आणि हेडन कान टवकारून त्याच्या मागे. नियम नाहीत असं नाही, पण ते ऐन वेळी, एकमेकांना ऐकून ठरतात. हे कळलं आणि गोंगाटातून मला चक्क संभाषण ऐकू यायला लागलं.

२२ मे १९५९ ला या चौघांनी 'द शेप ऑफ जॅझ टू कम' रेकॉर्ड केली. तिच्यातलं पहिलंच 'लोन्ली वुमन'. दुकानातल्या नोकरीच्या काळात जेवणाच्या सुट्टीत ऑर्नेटने एका गॅलरीत चित्र पाहिलं होतं, सगळं वैभव असलेल्या पण चेहऱ्यावर कमालीचं एकटेपण असलेल्या बाईचं. त्यातून ही रचना आली. ड्रम्स घाईत आहेत आणि वर चाल मात्र संथ, जणू दोन घड्याळं एकाच खोलीत. हे ऐकूनही कोणी याला गोंगाट म्हणत असेल तर माझा नाइलाज आहे.

१७ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात दोन आठवड्यांसाठी आलेली ही मंडळी अडीच महिने वाजवत राहिली. लिओनार्ड बर्नस्टाइन खूष, रॉय एल्ड्रिजला ही शुद्ध थाप वाटली आणि माइल्स डेव्हिसने तर याच्या मनःस्थितीवरच शंका घेतली. क्लब मात्र भरलेला.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त अडकायला होतं. नाव झालं, रेकॉर्ड्स आल्या, पैसा मात्र त्या मानाने हातात येईना. वाजवतो मी, मालकी दुसऱ्याची, ही त्याची तक्रार, आणि काळा वादक असल्यामुळे ती जास्तच धारदार. त्याने आपला भाव वाढवला. क्लबवाले नाही म्हणाले. मग २१ डिसेंबर १९६२ ला त्याने न्यूयॉर्कचा टाउन हॉल स्वतः भाड्याने घेतला. आपलं त्रिकूट, एक रिदम अँड ब्लूज बँड आणि वर व्हायोलिन-चेलोंची चौकडी, सगळं एका कार्यक्रमात. त्यानंतर दोन वर्षं मैफली बंद. अप्रेजलच्या दिवसांत आपण कँटीनमध्ये जे नुसतं बोलतो ते या माणसाने करून दाखवलं. बरोबर केलं का? अजून ठरवता येत नाही मला. भाव पडू दिला नाही हे खरं, पण बत्तीस ते चौतीस या वयातला ऑर्नेट स्टेजवर नव्हता, हेही खरं.

जानेवारी १९६५ मध्ये परतला तो ट्रम्पेट आणि व्हायोलिन घेऊनच. दोन्ही स्वतःच शिकलेला, व्हायोलिन तर डावखुरं. जाणकारांच्या कपाळाला आठ्या. पुढच्या वर्षी कहर झाला: 'द एम्टी फॉक्सहोल' या रेकॉर्डवर ड्रम्स वाजवायला त्याने आपला मुलगा डेनार्डो याला बसवलं. वय वर्षं १०! टीका करणाऱ्यांत नावाजलेले वादकही होते. बाप ढिम्म.

पुढचं भराभर सांगतो. १९६७ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप, जॅझमधल्या कुणाला मिळालेली पहिली. १९७२ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर 'स्काइज ऑफ अमेरिका', पण वादकांच्या संघटनेच्या नियमांमुळे स्वतःचे वादक बरोबर घेता आले नाहीत. नंतर विजेच्या गिटारी घेऊन 'प्राइम टाइम' हा बँड. (तो मला झेपत नाही. बघू.)

१९६५ मध्ये पुलित्झरच्या परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टनची शिफारस केली होती, ती वरच्या मंडळाने फेटाळली आणि त्या वर्षी संगीताचा पुरस्कारच दिला गेला नाही. २००७ चा तोच पुरस्कार ऑर्नेटच्या 'साउंड ग्रामर'ला मिळाला. ही रेकॉर्ड स्पर्धेसाठी पाठवलेलीसुद्धा नव्हती, परीक्षकांनी आपणहून विचारात घेतली. ऑक्टोबर २००५ मधली जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची मैफल आहे ती. ऑर्नेट ७५ वर्षांचा, बरोबर दोन बास आणि ड्रम्सवर डेनार्डो, वय ४९. म्हणजे टीका होऊनही बापाने पोराला उठवलं नाही ते नाहीच. ११ जून २०१५ ला ऑर्नेट गेला.

ऐकायचं असेल तर आधी 'लोन्ली वुमन' ऐका, मग 'साउंड ग्रामर'. 'फ्री जॅझ' सगळ्यात शेवटी, आणि हेडफोन लावूनच. एकदा फक्त डाव्या कानाने, एकदा फक्त उजव्या. मग दोन्ही.